गाळांत कोंडलेला वायु

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

इ. स. १७७६ च्या नोव्हेंबर महिन्यांत आलेस्सांद्रो व्होल्टा हा इटालियन पंडित माज्जोरे सरोवराच्या कांठीं एक मोठा पोरकट दिसणारा उद्योग करीत होता. ज्याच्या नांवावरून आपण विजेचा दाब ‘व्होल्ट’मध्यें मोजतों, तोच हा व्होल्टा. हातांतल्या काठीनें तो पाण्याखालचा चिखल ढवळी, आणि वर येणारे बुडबुडे पाण्यानें भरलेल्या पालथ्या बाटलींत धरून ठेवी. पुढें त्या वायूस त्यानें ज्योत दाखविली, तेव्हां तो निळसर ज्वाळेनें जळूं लागला. दलदलींतल्या ह्या ज्वालाग्राही वायूलाच आज आपण मिथेन म्हणतों.

ह्या गोष्टींतल्या काठीकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. वायु काठीनें निर्माण केला नव्हता. तो चिखलांत आधींच तयार होऊन बसला होता. चिखलानें त्याला धरून ठेवलें होतें. काठीनें त्याची सुटका केली एवढेंच. तेव्हां अशा कोणत्याही गाळाविषयीं तीन प्रश्न विचारावे लागतात. त्यांत वायु कसा उत्पन्न होतो? तो आंत कसा राहतो? आणि बाहेर पडतो तो थोडाथोडा पडतो, कीं एकदम? व्होल्टाच्या सरोवरांत हा तिसरा प्रश्न कौतुकाचा होता. परंतु विसाव्या शतकांत माणसानें स्वतःच्या हातांनीं असा एक गाळ तयार केला, कीं त्याच्या बाबतींत ह्याच तिसऱ्या प्रश्नावर माणसांचे प्राण अवलंबून राहिले. त्या गाळाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

मी रसायनशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण आणि वर्गांत मुलांपुढें उभें राहण्याचा दीर्घ सराव, एवढेंच माझें भांडवल. तथापि हा विषय असा आहे, कीं ज्यानें चुलीवर पिठलें शिजतांना पाहिलें आहे, त्याला त्याचें मर्म समजण्यास अडचण पडूं नये.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांत वॉशिंग्टन नांवाचें राज्य आहे, आणि त्यांतून कोलंबिया नदी वाहते. १९४३ सालीं, दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतां, ह्या नदीकांठचीं हॅनफर्ड व व्हाइट ब्लफ्स हीं दोन गांवें सरकारनें थोड्या दिवसांच्या नोटिशीनें रिकामीं करविलीं, आणि तेथें अणुबाँबसाठीं लागणारा प्लुटोनियम हा धातु तयार करण्याचा प्रचंड कारखाना उभारला. तेथील पहिली अणुभट्टी १९४४ च्या सप्टेंबरांत सुरू झाली. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवर पडलेल्या बाँबमधलें प्लुटोनियम येथलेंच होतें. युद्ध संपलें, परंतु कारखाना थांबला नाहीं. अमेरिका व रशिया ह्यांची चुरस सुरू झाली, आणि भट्ट्यांची संख्या वाढत जाऊन नऊ झाली. त्यांतली शेवटची १९८७ सालीं बंद पडली.

भट्टींतून काढलेल्या युरेनियमच्या कांड्या ॲसिडांत विरघळवावयाच्या, त्यांतून अत्यल्प असें प्लुटोनियम वेगळें करून घ्यावयाचें, आणि उरलेलें सर्व टाकून द्यावयाचें, अशी ही पद्धति. टाकून द्यावयाचें खरें, पण कोठें? त्या द्रवांतून निघणारे किरण इतके प्रखर, कीं कोणीं जवळ उभें राहतां कामा नये. म्हणून जमिनींत मोठमोठ्या टांक्या बांधून त्यांत तो भरण्यांत आला. १९४३ ते १९६४ ह्या काळांत बांधलेल्या १४९ टांक्यांना पोलादाचें एकच अस्तर आहे. पुढें १९८६ पर्यंत दुहेरी अस्तराच्या २८ टांक्या बांधल्या गेल्या. एकूण १७७. त्यांतील सांठा सुमारें ५ कोटी ६० लाख गॅलन, म्हणजे २१ कोटी लिटरांच्या घरांत. एकेरी अस्तराच्या टांक्यांपैकीं ६७ गळल्या असाव्यात, असें तेथील अधिकाऱ्यांनींच मानलें आहे. आणि एवढी सर्व व्यवस्था आरंभीं तात्पुरती म्हणून केलेली होती, हेंही सांगितलें पाहिजे.

आतां ह्या टांक्यांत काय आहे तें पाहूं. ॲसिड तसेंच पोलादी टांकींत ओतलें तर तें पोलाद खाऊन टाकील. म्हणून त्यांत भरपूर कॉस्टिक सोडा घालून तें क्षारधर्मी केलें. तसें करतांच लोखंड वगैरे धातूंचा सांका तळाशीं बसला, आणि सोडियम नायट्रेट व नायट्राइट असे क्षार द्रवांत विरघळलेले राहिले. मग टांक्या भरूं लागल्या, जागा पुरेना. तेव्हां द्रव आटवून त्यांतलें पाणी कमी करण्याची युक्ति निघाली. पाक फार आटला कीं त्याची साखर धरते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तसेंच येथें झालें. क्षारांचे बारीक कण धरले, आणि पातळ द्रवाची घट्ट राबडी झाली. ह्याशिवाय आणखी एक गोष्ट घडली. किरणोत्सर्गी स्ट्राँशियम व सीझियम ह्यांच्यामुळें टांक्या तापत. तेव्हां टांक्या थंड राहाव्यात ह्या हेतूनें हीं द्रव्यें काढून घेण्याचें काम सुरू झालें. त्या कामांत जीं सेंद्रिय द्रव्यें वापरलीं, तींही शेवटीं टांक्यांतच येऊन पडलीं.

आपल्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर ह्यांतच आहे. किरण पाण्याच्या रेणूवर आदळले कीं तो फुटतो, आणि त्यांतून हायड्रोजन निघतो. दुसरीकडे, उष्णता व किरण ह्यांच्यायोगें तीं सेंद्रिय द्रव्यें हळूहळू विघटित होतात, आणि त्यांतून हायड्रोजन, नायट्रोजन, अमोनिया व नायट्रस ऑक्साइड हे वायु बाहेर पडतात. हा व्यापार रात्रंदिवस चालूं असतो. किरणोत्सर्ग बंद करण्याची कळ कोणाच्याही हातीं नाहीं. तेव्हां वायु उत्पन्न होणारच, हें गृहीत धरून पुढें चाललें पाहिजे.

दुसरा प्रश्न : हा वायु आंत राहतो कसा? पाण्यांत बुडबुडा उत्पन्न झाला तर तो लगेच वर येतो. मधांत सावकाश येतो, पण येतो खास. परंतु घट्ट दह्यांत किंवा रात्रभर फुगलेल्या आंबोळीच्या पिठांत बुडबुडा जागच्या जागीं बसून राहतो. ह्याचें कारण असें, कीं पाणी व मध हे किंचितशा जोरानेंही हलतात. दही व पीठ हीं मात्र कांहीं एका मर्यादेपर्यंत जोर सोसतात आणि त्या मर्यादेपलीकडे गेल्यावरच वाहूं लागतात. ह्या गुणाला आपण आजच्यापुरतें गाळाचा ‘धर’ असें नांव देऊं. लहान बुडबुड्याची वर जाण्याची ओढ ह्या धरापेक्षां कमी पडते, म्हणून तो अडकतो. शेजारचे बुडबुडे एकमेकांस मिळून मोठे झाले तर सुटतात, नाहीं तर राहतात. गाळाचा धर जसा असेल तशी बुडबुड्याची आकृतीही बदलते. मऊ गाळांत तो गोल राहून भोंवतालचे कण बाजूस सारतो. गाळ खूप घट्ट असेल तर कणांना ढकलण्याऐवजीं तो त्यांच्यामधल्या फटींतून झाडाच्या मुळांसारखा पसरत जातो.

आंबोळीचें पीठ भांड्यांत वर चढतें तें पीठ वाढल्यामुळें नव्हे, हें आपण जाणतों. हॅनफर्डच्या अधिकाऱ्यांनाही एका टांकीच्या बाबतींत हाच अनुभव आला. त्या टांकीचें नांव एस-वाय १०१. दुहेरी अस्तराची, पंचाहत्तर फूट व्यासाची, सत्तरीच्या दशकांत बांधलेली. १९७७ सालीं तींत राबडी भरण्यास आरंभ झाला, आणि शेवटीं सुमारें ४० लाख लिटर माल तींत सांठला. खोली जवळजवळ दहा मीटर. नवीन कांहीं न ओततां ह्या टांकीची पातळी वर चढूं लागली. चढत चढत जाई, आणि मग एके दिवशीं एकाएकीं कांहीं इंच खालीं येई. पुन्हां चढे, पुन्हां पडे. सरासरी दर शंभर दिवसांच्या सुमारास हा प्रकार घडे. कामगार मंडळी म्हणत, टांकीनें ढेकर दिली. ह्या विनोदामागची गोष्ट मात्र विनोदाची नव्हती.

टांकीच्या आकारावरून आपण सहज हिशेब करूं शकतों. पंचाहत्तर फूट व्यासाच्या टांकींत पातळी एक इंच खालीं येणें म्हणजे सुमारें दहा हजार लिटर जागा मोकळी होणें. हा वायु तळाशीं असतांना त्याच्यावर दहा मीटर जड द्रवाचा भार असतो, म्हणजे तेथला दाब वातावरणाच्या दाबाच्या दुपटीहून अधिक. बॉइलच्या नियमाप्रमाणें वर येतांच तो त्याच प्रमाणांत फुगतो. म्हणजे एकेका इंचामागें वीस हजार लिटरांहून अधिक वायु थोड्या वेळांत टांकीच्या घुमटाखालीं येऊन पडत असे.

पण हा वायु एकदम कां सुटावा? येथें आपण तिसऱ्या प्रश्नाशीं येतों, आणि माझ्या मतें ह्या सर्व प्रकरणांतला अत्यंत रम्य भाग हाच आहे. टांकींत तीन थर होते. तळाशीं बसलेला घट्ट गाळ; त्यावर बराच मोठा पातळ द्रव; आणि सर्वांत वर, दुधावर साय धरावी तसा, तरंगणाऱ्या क्षारांचा सुमारें एक मीटर जाड पापुद्रा. वायु मुख्यतः तळच्या गाळांत कोंडत होता. समजा, ह्या गाळाचें विशिष्ट गुरुत्व १.७ आहे आणि वरच्या द्रवाचें १.५. गाळ जड, म्हणून तो तळाशीं राहिला. आतां गाळांत वायूचे बुडबुडे सांठूं लागले. वायूला वजन जवळजवळ नाहीं, पण तो जागा व्यापतो. गाळाच्या शंभर भागांत बारा भाग वायु झाला, कीं उरलेल्या अठ्ठ्याऐंशी भागांचें वजन १.७ च्या हिशेबानें साधारण १४९.६ भरतें. म्हणजे सबंध गाळाचें सरासरी गुरुत्व १.५ च्याही किंचित् खालीं आलें! जो तळाशीं होता तोच आतां हलका झाला, आणि जड द्रव त्याच्या डोक्यावर उभा राहिला. निसर्गाला अशी स्थिति फार वेळ खपत नाहीं. गाळाचा एक अजस्र गोळा तळापासून सुटतो, द्रवांतून वर उसळतो. वर येतांना दाब कमी होत गेल्यानें आंतले बुडबुडे फुगतात, गाळाचा धर तुटतो, आणि वायु मोकळा होऊन पापुद्र्यांतून बाहेर पडतो. वायु गेला कीं गाळ पुन्हां जड होतो व पुन्हां तळाशीं जाऊन बसतो. मग पुढचे शंभर दिवस नव्यानें मोजावयास सुरुवात.

ह्यावरून आणखी एक कोडें सुटतें. वायु तर पुष्कळ टांक्यांत तयार होतो. मग सर्वच टांक्या अशा उसळत कां नाहींत? ज्या टांक्यांत गाळावर पातळ द्रवाचा खोल थर नाहीं, तेथें गाळाला तरंगण्यास जागाच नाहीं. ज्यांत गाळ फार घट्ट आहे, तेथें त्याचा धर तोडण्याइतकी शक्ति वर येण्याच्या ओढींत नसते. एस-वाय १०१ मध्यें वायु उत्पन्न करणारें द्रव्य, तो धरून ठेवणारा गाळ आणि त्यावर खोल द्रव, अशा तिन्ही गोष्टींचा दुर्दैवी योग जुळून आला होता.

आतां धोका कोणता, तें सांगतों. हवेंत हायड्रोजनचें प्रमाण शेंकडा चारपर्यंत गेलें, कीं तो पेट घेऊं शकतो. येथें त्याच्या जोडीला नायट्रस ऑक्साइड होता. तो जळण्याच्या क्रियेला प्राणवायु पुरवतो, म्हणजे आगीचें इंधन आणि तिचा श्वास एकाच गाळांतून निघत होता. मोठ्या उसळीच्या वेळीं घुमटाखालची हवा पेटण्याच्या मर्यादेपर्यंत जाऊं शकते, असें दिसून आलें. अशा वेळीं एखाद्या हत्याराची ठिणगी पडली असती, तर घुमटाखालीं भडका उडून किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर फेंकलें गेलें असतें. ही नुसती कल्पना आहे असें कोणी म्हणेल, तर त्यास २९ सप्टेंबर १९५७ ह्या दिवसाची आठवण द्यावी लागेल. त्या दिवशीं सोव्हिएट रशियांतील उरल पर्वताच्या बाजूस, मायाक येथील कारखान्यांत, अशाच टाकाऊ द्रव्याच्या एका टांकीची शीतन व्यवस्था बिघडली. आंतील क्षार सुकून तापले आणि स्फोट झाला. टांकीचें सुमारें १६० टन वजनाचें झांकण उडालें, आणि मोठा मुलूख दूषित झाला. तेथील कारण वेगळें होतें, गाळांतल्या हायड्रोजनचें नव्हे. पण पुरलेल्या टांकीचा स्फोट होऊं शकतो, एवढें तरी त्यानें सिद्ध केलें. ही वार्ता झोरेस मेद्वेदेव्ह ह्या परागंदा रशियन शास्त्रज्ञानें १९७६ सालीं बाहेर फोडली, आणि सोव्हिएट सरकारनें ती उघडपणें मान्य करण्यास १९८९ साल उजाडावें लागलें.

अमेरिकेंत १९९० सालीं कायदेमंडळानें ह्या विषयावर कायदा केला. कोणत्या टांक्यांपासून धोका आहे त्यांची यादी करावी आणि त्यांवर सतत पहारा ठेवावा, असा त्याचा आशय. ज्वालाग्राही वायूच्या कारणावरून वीसहून अधिक टांक्या ह्या यादींत आल्या. एस-वाय १०१ त्यांत अग्रभागीं होती.

उपाय करण्यापूर्वीं रोग्याची परीक्षा केली पाहिजे. पण ह्या रोग्याजवळ जातां येत नव्हतें. मग शास्त्रज्ञांनीं मोठ्या कल्पक युक्त्या योजल्या. उष्णतामापकांची एक उभी रांग टांकींत सोडली. पातळ द्रव सतत फिरत असल्यामुळें त्याचें उष्णतामान वरपासून खालपर्यंत सारखें असतें. स्थिर गाळ मात्र मध्यावर अधिक तापतो. त्यावरून थरांच्या सीमा कळल्या. एक जड धातूचा गोळा तारेनें खालीं सोडून तारेवरचा ताण मोजला. त्यावरून गाळाचा धर कळला. आणि तिसरी युक्ति तर शाळेंतल्या मुलांनाही आवडावी अशी आहे. हवेचा दाब रोज थोडा कमीजास्त होतो. वायुभारमापकांतला पारा चढला, कीं टांकीची पातळी किंचित् उतरते. पारा उतरला, कीं ती किंचित् चढते. नुसतें पाणी असें करणार नाहीं. आंत जितका वायु अधिक, तितकें हें चढणें-उतरणें अधिक. म्हणजे बाहेरच्या हवेकडे आणि पातळीकडे पाहून आंत किती वायु कोंडला आहे, त्याचा अंदाज बांधतां येतो. तीनशें वर्षांपूर्वींच्या बॉइलसाहेबांचा नियम ह्या कामीं असा उपयोगी पडला.

उपायांविषयीं मतें निरनिराळीं होतीं. पाणी घालून माल पातळ करावा, असें एक मत. पण दुसऱ्या टांक्यांत जागा कोठें होती? तो तापवावा, असें दुसरें. ध्वनिलहरींनीं हलवावा, असें तिसरें. शेवटीं ढवळण्याचा उपाय मान्य झाला. आपल्या गोबरगॅसच्या टांकींतही वर साय धरूं नये म्हणून शेणकाला ढवळतात, त्यांतलाच हा प्रकार. पण येथें भय असें, कीं ढवळण्यानेंच सगळा वायु एकदम सुटला तर? म्हणून वेळ साधण्यांत आली. १९९३ च्या जूनअखेर टांकीनें आपला वायु सोडला, आणि तो निघून गेल्यावर, ३ जुलै रोजीं, दीडशें अश्वशक्तीचा एक लांबच लांब पंप तींत उभा सोडला. तो वरचा द्रव ओढून घेई आणि तळाजवळ समोरासमोरच्या दोन तोट्यांतून जोरानें बाहेर फेंकी. प्रथम अगदीं हळू, मग थोडा जोरानें, मग तोट्यांची दिशा बदलून, असें करीत करीत तळाचा गाळ सैल करण्यांत आला. पुढें आठवड्यांतून कांहीं वेळां तो थोडा वेळ चालविला कीं काम भागे. वायु पूर्वींइतकाच उत्पन्न होत होता; परंतु तो सांठण्यापूर्वींच थोडाथोडा सुटूं लागला, आणि टांकीच्या मोठ्या उसळ्या थांबल्या.

गोष्ट येथें संपती तर ती सुखान्त झाली असती. परंतु कांहीं वर्षांनीं पातळी पुन्हां वाढूं लागली. तळच्या गाळांतून सुटलेल्या बुडबुड्यांपैकीं कांहीं आतां वरच्या पापुद्र्याखालीं अडकूं लागले होते, आणि तो पापुद्रा फेंसासारखा फुगून जाड होत चालला होता. तळचें दुखणें वर गेलें! तेव्हां जो उपाय जागेच्या अभावीं पूर्वीं मागें पडला होता, तोच करावा लागला. १९९९ च्या डिसेंबरापासून २००० च्या मार्चपर्यंत टांकींतला बराच माल शेजारच्या टांकींत नेला आणि त्याच्या जागीं पाणी सोडलें. पाण्यानें क्षारांचे कण विरघळले. कण कमी झाले तशी धरून ठेवण्याची शक्तीही गेली. २००१ च्या जानेवारींत ह्या टांकीचें नांव धोक्याच्या यादींतून काढण्यांत आलें.

हा क्रम जरा ओळीनें लावून पाहा. पोलाद वांचावें म्हणून सोडा घातला, तेव्हां गाळ झाला. जागा वांचावी म्हणून द्रव आटविला, तेव्हां गाळ घट्ट झाला. टांक्या थंड राहाव्यात म्हणून सेंद्रिय द्रव्यें वापरलीं, तेव्हां वायु वाढला. वायु सुटावा म्हणून ढवळलें, तेव्हां साय फुगली. प्रत्येक वेळीं काम करणारीं माणसें शहाणीं होतीं, आणि प्रत्येक उपायाला त्या वेळीं सबळ कारण होतें. तरीही प्रत्येक पिढीनें आपल्या सोयीचें एक ओझें पुढच्या पिढीच्या टांकींत टाकलें, ही गोष्ट उरतेच.

अखेरचा उपाय म्हणून हें द्रव्य वितळलेल्या कांचेंत मिसळून त्याच्या घट्ट लाद्या करावयाच्या, असें ठरलें आहे. कांचेंत बुडबुडा कोंडावयास गाळ नाहीं आणि झिरपावयास पाणी नाहीं. आपल्याकडेही पालघर जिल्ह्यांतील तारापूर येथें आणि मुंबईजवळ ट्रॉम्बे येथें किरणोत्सर्गी द्रव कांचेंत गोठविण्याचें काम होतें. म्हणून हा विषय आपणांस अगदींच परका मानतां यावयाचा नाहीं. हॅनफर्डच्या कांच-कारखान्याचें बांधकाम २००२ सालीं सुरू झालें. परंतु तेथेंही आपला जुना प्रश्न वाटेंत आडवा आला. गाळ कांचेच्या भट्टीपर्यंत नेण्यापूर्वीं मोठ्या बंद पात्रांत ठेवावा लागतो, आणि तेथें तो ढवळत राहिला पाहिजे, नाहीं तर पुन्हां हायड्रोजन कोंडणार. एकदां ही पात्रें वापरांत आलीं कीं दुरुस्तीला कोणीही आंत जाऊं शकत नाहीं. म्हणून फिरणारें एकही चाक नसलेली ढवळणी योजली. होळीच्या पिचकारीसारखी ती द्रव ओढून घेते आणि हवेच्या दाबानें पुन्हां जोरानें फेंकते. पण गाळाला धर असल्यामुळें पिचकारीच्या आसपासचा भाग ढवळला जातो आणि दूरचा कोपरा जसाच्या तसा निजून राहतो. पिठलें ढवळतांना मधोमध खदखदत असतें आणि कडेला करपत असतें, तसेंच. कोपऱ्यांतला गाळ खरोखर हलतो कीं नाहीं, ह्या शंकेचें समाधान होईना, म्हणून मुख्य पात्रांच्या इमारतीचें काम २०१२ सालीं थांबवावें लागलें. शेवटीं तो भाग तूर्त बाजूस ठेवून, तुलनेनें सौम्य अशा द्रवाची कांच करण्यास २०२५ च्या ऑक्टोबरांत प्रारंभ झाला. पहिली भट्टी सुरू झाल्यापासून तोंपर्यंत एक्याऐंशी वर्षें लोटलीं होतीं.

पुढें किती काळ पहारा करावा लागेल? स्ट्राँशियम आणि सीझियम ह्यांचा जोर सुमारें तीस वर्षांनीं निम्मा होतो. अशा दहा खेपा झाल्या म्हणजे तो हजारांश उरतो; त्यास तीनशें वर्षें हवींत. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास २०२४ सालीं साडेतीनशें वर्षें पुरीं झालीं. त्यावरून ह्या कालाची कल्पना आपणांस येईल. आणि प्लुटोनियमचा जो अंश त्या गाळांत राहिला आहे, त्याचा जोर निम्मा होण्यास तर चोवीस हजार वर्षें लागतात.

श्रोतेहो, हॅनफर्डची शेवटची भट्टी १९८७ सालीं बंद पडली, असें मीं आरंभीं सांगितलें. आज त्या टांक्यांवर पहारा करणाऱ्यांत त्या सालानंतर जन्मलेलीं माणसेंही आहेत. त्यांनीं तें युद्ध पाहिलें नाहीं, तें प्लुटोनियम मागितलें नाहीं. तरी रात्रपाळीला बसून पातळी किती चढली हें त्यांना टिपून ठेवावें लागतें. जें द्रव्य आपण उत्पन्न करूं, त्याची विल्हेवाट कशी लावावयाची, हें तें उत्पन्न करण्यापूर्वींच ठरवावें, एवढा एक नियम पाळला गेला असता, तर हा पहारा त्यांच्या वांट्यास आला नसता. तो नियम अणूच्या कारखान्याइतकाच गांवच्या उकिरड्याला आणि नदीकांठच्या गिरणीलाही लागू आहे. आपल्या गांवीं जेव्हां एखादा नवा कारखाना येईल, तेव्हां तेथून काय निघणार ह्याची चौकशी आपण करतोंच. उरणार काय, आणि तें ठेवणार कोठें, हा प्रश्नही त्याच सभेंत, त्याच दिवशीं विचारावा, अशी माझी आपणांस विनंति आहे.